ग्राही प्रथिनं रोगजंतूला ओळखतात कशी, आणि ओळख असूनही प्रतिकार का मोडतो?

तुमच्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. वनस्पतींच्या रोगप्रतिकारात ग्राही प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर, नेमकं काय काम करतात; ती रोगजंतूला ओळखतात कशी; आणि ओळख इतकी नेमकी असेल तर प्रतिकारक म्हणून आलेलं वाण काही हंगामांतच रोगाला बळी का पडतं. मी रोगप्रतिकारक वाणांच्या पैदाशीत आणि चाचण्यांत काम करतो, त्यामुळे माझा ओढा तिसऱ्या भागाकडे आहे. पण पहिले दोन भाग समजून घेतल्याशिवाय त्याचं उत्तर हाती लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ग्राही प्रथिन रोगजंतूला मारत नाही. ते फक्त ओळखतं आणि वर्दी देतं. रोगजंतूला अडवण्याची, मारण्याची, उपाशी ठेवण्याची साधनं झाडाकडे वेगळी असतात, आणि ती रोगाला बळी पडणाऱ्या झाडातही बहुतांशी शाबूत असतात. टिकणाऱ्या आणि बळी पडणाऱ्या वाणात पुष्कळदा फरक एवढाच असतो की एकाला आक्रमण वेळेवर कळतं, दुसऱ्याला कळत नाही. म्हणून ‘या वाणात प्रतिकारक जनुकं किती’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो: त्या जनुकाचं प्रथिन रोगजंतूचा कोणता भाग पाहतं, आणि तो भाग टाकून देणं रोगजंतूला परवडतं का?

झाडात रक्तातून फिरणाऱ्या संरक्षक पेशी नसतात आणि प्रतिपिंडंही नसतात. प्रत्येक पेशीला स्वतःचं रक्षण स्वतःच करावं लागतं. त्यामुळे ओळखण्याची सोयही प्रत्येक पेशीत असावी लागते, आणि ती दोन ठिकाणी असते: पेशीपटलावर आणि पेशीच्या आत.

पटलावरच्या ग्राही प्रथिनाचा एक भाग पेशीबाहेर असतो, एक छोटा तुकडा पटलातून आरपार जातो आणि उरलेला भाग पेशीच्या आत असतो. बाहेरचा भाग ओळखतो. आतला भाग बहुधा कायनेज असतो, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून निरोप पुढे सरकवणारं विकर (एन्झाइम). बाहेरच्या भागात बऱ्याचदा ल्युसीन या अमिनो आम्लाची रेलचेल असलेला एक तुकडा पुन्हापुन्हा येतो आणि त्यातून आतल्या बाजूने खोलगट असा लांब, वळणदार पृष्ठभाग तयार होतो. रोगजंतूचा रेणू तिथे येऊन बसतो.

या गटातलं सर्वांत जास्त अभ्यासलेलं प्रथिन म्हणजे एफएलएस२. मोहरीच्या कुळातल्या अराबिडोप्सिस या छोट्या वनस्पतीत २००० साली त्याचं जनुक सापडलं. जिवाणूच्या कशाभिकेतलं, म्हणजे पोहण्याच्या शेपटीतलं, फ्लॅजेलिन हे प्रथिन ते ओळखतं. आणि तेही अख्खं नव्हे, त्यातला फक्त २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा. हा तुकडा प्रयोगशाळेत तयार करून पानाला दिला, तर एकही जिवाणू नसताना झाड हल्ला झाल्यासारखं वागू लागतं. २०१३ साली या जोडणीची त्रिमितीय रचना उलगडली. त्यात दिसलं की हा तुकडा एफएलएस२ आणि त्याचा जोडीदार बीएके१ यांच्या मधोमध बसतो आणि दोघांना एकत्र धरून ठेवतो. दोघं जवळ आले की त्यांचे आतले कायनेज भाग एकमेकांना कार्यान्वित करतात. मग बीआयके१ नावाचं आणखी एक कायनेज सुटं होतं, कॅल्शियम पेशीत शिरतं, पटलावरचं एक विकर ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू तयार करू लागतं. हे सगळं काही मिनिटांत घडतं. त्यामागोमाग पर्णरंध्रं मिटतात, पेशीभित्तीत कॅलोज हा शर्करेचा पदार्थ साचतो आणि संरक्षणाची शेकडो जनुकं चालू होतात.

बुरशीच्या बाबतीत हीच भूमिका कायटिन बजावतं. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, झाडात नसतं, म्हणून परकं कोण हे ओळखायला ती उत्तम खूण आहे. ही खूण पकडणाऱ्या ग्राहींचा बाहेरचा भाग वेगळ्या घडणीचा असतो. भातात सीईबीआयपी आणि सीईआरके१ ही दोन प्रथिनं मिळून हे काम करतात. यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो: भातातलं हेच सीईआरके१ मुळांशी सहजीवन करणाऱ्या मायकोरायझा बुरशीला प्रवेश देण्याच्या कामीही येतं. शत्रूला अडवणारं आणि मित्राला आत घेणारं प्रथिन एकच. झाड नुसती ‘बुरशी आली’ एवढी नोंद करत नाही. कायटिनच्या तुकड्यांची लांबी, सोबतचे इतर संकेत आणि जोडीला आलेली ग्राही प्रथिनं यांच्यावरून प्रतिसाद ठरतो.

ओळख आणि प्रतिसाद वेगळे आहेत, याचा सर्वांत स्वच्छ पुरावा ईएफआर या ग्राहीने दिला. जिवाणूंच्या प्रथिननिर्मितीत अत्यावश्यक असलेल्या ईएफ-टीयू या प्रथिनाचा तुकडा ते ओळखतं. २००६ साली त्याचं जनुक सापडलं. हे ग्राही फक्त मोहरीच्या कुळात आढळतं. टोमॅटोत ते नाहीच. २०१० साली ते टोमॅटोत घालून पाहिलं, तर टोमॅटो वेगवेगळ्या गटांतल्या अनेक जिवाणूंना दाद देईनासा झाला. त्यात मर रोगाचा जिवाणू राल्स्टोनियाही होता. टोमॅटोत बाकी काहीच नवीन घातलं नव्हतं. निरोप पुढे नेणारी आणि प्रतिकार करणारी सगळी यंत्रणा आधीपासून होती, फक्त हा एक रेणू पाहणारं कुणी नव्हतं.

मग प्रश्न पडतो की कशाभिका, कायटिन, ईएफ-टीयू यांसारखे टाळता न येणारे भाग झाड ओळखत असेल, तर रोग होतोच कसा? कारण रोगजंतूही स्वस्थ बसत नाही. तो स्वतःची प्रथिनं झाडाच्या पेशीत किंवा पेशींच्या मधल्या जागेत सोडतो. त्यांना इफेक्टर म्हणतात. जिवाणू सुईसारख्या नळीतून ती थेट पेशीत टोचतात. स्युडोमोनास जिवाणूचा एव्हीआरपीटीओबी हा इफेक्टर एफएलएस२ ला नष्ट होण्यासाठी खूण लावतो, आणि झाडाचीच साफसफाईची यंत्रणा मग आपल्या ग्राहीचे तुकडे करते. टोमॅटोच्या पानांवर वाढणारी क्लॅडोस्पोरियम फुल्वम ही बुरशी दोन बाजूंनी काम करते. तिचा एक इफेक्टर तिच्या भित्तीला चिकटून कायटिनला झाडाच्या विकरांपासून वाचवतो. दुसरा सुटलेले कायटिनचे तुकडे झाडाच्या ग्राहीआधीच घट्ट पकडून ठेवतो. बटाट्यावर उशिरा येणाऱ्या करप्याच्या रोगकारकाचा जीनोम २००९ साली वाचला गेला, तेव्हा त्यात एकाच प्रकारच्या खुणेचे पाचशेहून अधिक संभाव्य इफेक्टर दिसले. शस्त्रांचा साठा किती मोठा आहे याची कल्पना यावरून यावी.

इथे पेशीच्या आतली ग्राही प्रथिनं कामाला येतात. पैदासकार ज्यांना ‘मुख्य प्रतिकारक जनुकं’ म्हणतात, त्यांतली बहुतेक याच गटाची आहेत. या गटाचं नाव एनएलआर. अराबिडोप्सिसमध्ये अशी सुमारे १५० जनुकं आहेत, भातात चारशेहून अधिक.

हा गट रेणूंच्या पातळीवर समजण्याच्या कितीतरी आधी त्याचा नियम शेतातल्या प्रयोगांतून कळला होता. गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्याला होणारा प्रतिकार मेंडेलच्या नियमांनुसार पुढच्या पिढीत जातो, हे बिफेन यांनी केंब्रिजमध्ये १९०५ साली दाखवलं. त्यानंतरचं निर्णायक काम हॅरोल्ड फ्लोर यांचं. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात ते जवस आणि जवसावरचा तांबेरा यांवर काम करत होते. इतर लोक फक्त पिकाचे संकर करत. फ्लोर यांनी पिकाचेही संकर केले आणि बुरशीचेही. दोन्हीकडच्या पिढ्या एकमेकांवर पडताळल्या तेव्हा त्यांना दिसलं की जवसातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकाला तांबेऱ्यात त्याच्या जोडीचं एक जनुक असतं. दोन्ही असतील तरच प्रतिकार होतो. बुरशीतलं ते जनुक बदललं किंवा गेलं, की झाडातलं जनुक असून नसल्यासारखं. १९४० च्या दशकात मांडलेला हा ‘जनुकास जनुक’ नियम आजही वाण का मोडतं याचं मूळ कारण सांगतो. फ्लोर यांना बुरशीत जी जनुकं दिसली, ती इफेक्टरची होती.

१९९० च्या दशकात प्रतिकारक जनुकं, आतल्या आणि पटलावरच्या दोन्ही प्रकारची, एकामागून एक हाती लागली. १९९३ ला टोमॅटोतलं पीटीओ, १९९४ ला टोमॅटोतलं सीएफ-९, तंबाखूतलं एन आणि अराबिडोप्सिसमधलं आरपीएस२, १९९५ ला भातातलं एक्सए२१. तंबाखूवर विषाणू, अराबिडोप्सिसवर जिवाणू, जवसावर बुरशी. रोगजंतू इतके वेगळे असूनही आतली ग्राही प्रथिनं एकाच घडणीची निघाली. मधे न्यूक्लिओटाइड बांधणारा भाग, शेपटीला ल्युसीनची पुनरावृत्ती आणि टोकाला दोन-तीन प्रकारांपैकी एक तुकडा. टोमॅटोतलं एमआय-१ हे एकच जनुक मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला, एका जातीच्या माव्याला आणि पांढऱ्या माशीला विरोध करतं. ज्यांच्यात काहीही साम्य नाही अशा शत्रूंसाठी झाडाने एकच साचा वापरला आहे.

आता हे प्रथिन इफेक्टरला ओळखतं कसं? सुरुवातीला सगळ्यांची समजूत होती की दोघं थेट एकमेकांना चिकटत असणार. काही ठिकाणी तसंच आहे. जवसातली एल गटाची प्रथिनं तांबेऱ्याच्या इफेक्टरला थेट बांधतात. गव्हातलं एसआर३५ही तसंच. पण पुष्कळ जोड्यांमध्ये असा थेट संबंध सापडेना. शिवाय हिशेबही जुळेना. झाडाकडे काही शे ग्राही आणि रोगजंतूंकडे हजारो इफेक्टर, तेही सतत बदलणारे.

उत्तर आलं ते पहाऱ्याच्या कल्पनेतून. अशा जोड्यांत ग्राही प्रथिन इफेक्टरवर नजर ठेवत नाही. इफेक्टर ज्याच्यावर हल्ला करतो त्या झाडाच्या प्रथिनावर नजर ठेवतं. अराबिडोप्सिसमधलं आरआयएन४ हे याचं अस्सल उदाहरण. ते स्वतः ग्राही नाही, संरक्षणाच्या नियमनातलं एक छोटं प्रथिन आहे. स्युडोमोनासचे निदान तीन वेगवेगळे इफेक्टर त्याच्यावर चाल करून येतात. दोन इफेक्टरांमुळे त्याच्यावर फॉस्फेट चढतं. तिसरा, एव्हीआरआरपीटी२, त्याचे तुकडेच करतो. फॉस्फेट चढलं की आरपीएम१ हे ग्राही जागं होतं. आरआयएन४ नाहीसं झालं की आरपीएस२ जागं होतं. एका प्रथिनावर दोन पहारेकरी, आणि दोघं वेगवेगळी छेडछाड पाहणारे. नवा इफेक्टर आला, त्याचा आकार पूर्ण वेगळा असला, तरी त्याने आरआयएन४ ला हात लावला तर तो पकडला जातो. थोडक्या ग्राहींवर झाडाचं कसं भागतं ते यातून कळतं.

याच्या पुढची पायरी मला जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. इफेक्टर ज्यावर हल्ला करतो त्या प्रथिनाची नक्कल काही ग्राहींनी स्वतःच्याच अंगात बसवून घेतली आहे. भातातलं पीआयके-१ आणि आरजीए५ यांच्यात धातू बांधणाऱ्या प्रथिनांसारखा एक तुकडा आहे. भातावरच्या करप्याची बुरशी आपल्या इफेक्टरने तशा प्रथिनांना पकडायला जाते आणि ग्राहीच्याच अंगावर येऊन आदळते. अराबिडोप्सिसमधल्या आरआरएस१ मध्ये जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनाचा तुकडा असाच आमिष म्हणून बसवलेला आहे. अशी आमिषधारी ग्राही प्रथिनं बहुधा जोडीने काम करतात. एक ओळखतं, दुसरं वर्दी देतं, आणि दोन्हींची जनुकं गुणसूत्रावर शेजारीशेजारी असतात. पैदाशीत याचा थेट परिणाम होतो. जोडीतलं एकच जनुक दुसऱ्या वाणात गेलं तर प्रतिकार येत नाही, कधीकधी झाडच खुरटतं.

ओळख पटल्यावर नेमकं काय होतं हे मात्र अगदी अलीकडे कळलं. २०१९ साली चिनी संशोधकांनी झेडएआर१ या ग्राहीची जागी झालेली रचना उलगडली. एरवी ते एकेकटं, एडीपीचा रेणू धरून मिटलेलं असतं. झँथोमोनास जिवाणूच्या इफेक्टरने त्याच्या टेहळणीतल्या प्रथिनावर बदल घडवला की ते उघडतं, एडीपी सोडतं आणि पाच रेणू मिळून एक चक्र बनवतात. त्याला रेझिस्टोझोम असं नाव मिळालं. चक्राच्या मध्यातून पाचही रेणूंची टोकं बाहेर येऊन नरसाळ्यासारखा आकार करतात आणि पेशीपटलात घुसतात. २०२१ साली सिद्ध झालं की हे नरसाळं म्हणजे कॅल्शियम आत सोडणारा मार्ग आहे. २०२२ साली गव्हाच्या एसआर३५चंही असंच पाच जणांचं चक्र दिसलं. दोन वनस्पती एकमेकींपासून उत्क्रांतीत फार दूर, तरी यंत्र तेच. टोकाला टीआयआर नावाचा तुकडा असलेली दुसऱ्या शाखेची ग्राही प्रथिनं चार-चारच्या गटाने एकत्र येतात आणि एनएडी हा रेणू तोडणारं विकर बनतात. त्यातून तयार होणारे छोटे रेणू ईडीएस१ या प्रथिनामार्फत मदतनीस ग्राहींना जागं करतात, आणि ते मदतनीसही शेवटी कॅल्शियमचाच मार्ग उघडतात. बाहेरचा रस्ता असो की आतला, दोन्हीकडे कॅल्शियम आहेच.

या दोन थरांकडे बरीच वर्षं स्वतंत्र पाहिलं गेलं. २००६ साली जोन्स आणि डॅंगल यांनी मांडलेल्या नागमोडी आराखड्यात आधी पटलावरचा प्रतिकार, मग त्याला दाबणारा इफेक्टर, मग त्याला ओळखणारा आतला ग्राही असा क्रम होता. शिकवायला तो अजूनही चांगला आहे. पण २०२१ साली आलेल्या कामांतून दिसलं की दोन्ही थर एकमेकांना बळ देतात. पटलावरचा थर निकामी केला तर आतल्या ग्राहींनी दिलेला प्रतिकारही लंगडा पडतो. म्हणून वाणात आतलं एखादं तगडं जनुक आहे एवढ्यावर समाधान मानू नये. ज्या वाणात ते घातलं त्याची मूळ पार्श्वभूमीही मोजावी लागते.

आतला ग्राही जागा झाला की संसर्ग झालेली पेशी आणि आसपासच्या काही पेशी बहुधा मरतात. पानावर सुईच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसतात आणि रोग तिथेच थांबतो. तांबेरा, भुरी, केवडा यांसारख्या जिवंत पेशीवरच जगणाऱ्या रोगकारकांसाठी हा घाव वर्मी बसतो. पण मेलेल्या पेशीवर जगणाऱ्या बुरशीला हीच मेजवानी ठरते. १९४० च्या दशकात अमेरिकेत ओटच्या पिकावर हे मोठ्या प्रमाणात घडलं. तांबेऱ्याला प्रतिकार करणारं जनुक ‘व्हिक्टोरिया’ या ओटमधून अनेक वाणांत आलं, आणि व्हिक्टोरिन नावाचं विष सोडणाऱ्या एका वेगळ्या बुरशीला नेमकी तीच वाणं बळी पडली. प्रतिकार आणि संवेदनशीलता पैदासकारांना वेगळी करता आली नाही. पुढे अराबिडोप्सिसमध्ये व्हिक्टोरिनला बळी पाडणारं जनुक सापडलं, ते एनएलआरच निघालं. गव्हातलं टीएसएन१ हेही प्रतिकारक जनुकांच्याच घडणीचं आहे. ते टॉक्स-ए हे विष सोडणाऱ्या बुरशींना पेशी मारून देतं आणि रोग वाढवतं. तेव्हा ‘ग्राही जनुक आहे म्हणजे चांगलंच’ असं मानू नका. समोर कोणता रोग आहे, हे आधी पाहावं लागतं.

आता मोडण्याकडे येऊ. रोगजंतूची संख्या प्रचंड असते आणि पिढ्या भराभर होतात. इफेक्टरचं जनुक बिघडवायला एक उत्परिवर्तन पुरतं. एसआर३५ ला चकवणाऱ्या तांबेऱ्याच्या काही प्रभेदांत, म्हणजे उपप्रकारांत, इफेक्टरच्या जनुकात डीएनएचा एक तुकडा घुसलेला आढळला. इफेक्टर निकामी झाला, ग्राहीला पाहायला काही उरलं नाही. तो इफेक्टर गेल्याने बुरशीचं फारसं अडत नसेल, तर असा प्रभेद पसरणारच. आणि एकच ग्राही जनुक लाखो हेक्टरवर असेल, तर त्या एका प्रभेदासाठी सगळं रान मोकळं होतं. रायमधून गव्हात आलेलं एसआर३१ जगभरच्या वाणांत वापरलं गेलं आणि खोडावरच्या तांबेऱ्याला त्याने दीर्घकाळ रोखलं. मग युगांडात त्याला न जुमानणारा प्रभेद दिसला, १९९९ साली त्याची नोंद झाली आणि यूजी९९ हे नाव पडलं. बटाट्यात सोलॅनम डेमिसम या रानटी प्रजातीतून करप्याविरुद्धची अकरा जनुकं ओळखली गेली. एकेकटी वापरली तेव्हा त्यांचा निभाव लागला नाही.

याउलट टोमॅटोतल्या टीएम-२ जनुकाचा ‘दोनचा वर्ग’ म्हणून लिहिला जाणारा प्रकार घ्या. तो विषाणूच्या पेशीतून पेशीत जाण्याच्या प्रथिनाला ओळखतो. हे प्रथिन विषाणूला टाकून देता येत नाही. त्यात बदल केला तर पसरणंच अवघड होतं. त्यामुळे हा प्रतिकार अनेक दशकं टिकला. शेवटी तोही मोडला: २०१४-१५ च्या सुमारास इस्रायल आणि जॉर्डनमध्ये टोमॅटोवर फळं तपकिरी व सुरकुतलेली करणारा नवा टोबॅमो विषाणू दिसला, आणि तो या जनुकाला चकवतो. पण एकट्या जनुकाने इतका काळ तग धरला, याचं श्रेय ते काय पाहत होतं यालाच आहे.

सर्वांत टिकाऊ निघालेली काही जनुकं तर ग्राही नाहीतच. बार्लीतलं एमएलओ बिघडवलं की भुरी पेशीत शिरू शकत नाही. १९७९ पासून युरोपातल्या वाणांत ते आहे आणि आजही काम देतं. गव्हातलं एलआर३४ हे पटलातून पदार्थ वाहून नेणारं प्रथिन आहे. तांबेऱ्याच्या एकाच प्रभेदावर त्याची भिस्त नसते, त्याचा परिणाम अर्धवट दिसतो, पण पानावरचा तांबेरा, पिवळा तांबेरा आणि भुरी अशा तिघांवर होतो. माझं स्पष्ट मत आहे की पैदाशीत ग्राही जनुकांचा भरवसा अशा जनुकांच्या सोबतीनेच धरावा. २०२१ साली गव्हात पाच जनुकांचा एकत्र संच बसवून खोडाच्या तांबेऱ्यावर चांगला प्रतिकार मिळवला गेला. त्यात चार एनएलआर होती आणि पाचवं शर्करा वाहून नेणारं प्रथिन. दिशा ही योग्य आहे. संच एकाच जागी बसवल्याने पुढच्या संकरांत जनुकं विखुरत नाहीत, आणि सगळे इफेक्टर एकाच वेळी गमावलेला प्रभेद उद्भवणं फार अवघड होतं. मात्र त्यातली जनुकं दुसरीकडे एकेकटी पेरली गेली, तर बुरशीला एकेक पायरी चढायची सोय मिळते आणि संचाचा फायदा वाया जातो.

ग्राही नव्याने घडवण्याचं कामही चालू आहे. २०१६ साली अराबिडोप्सिसमधल्या पीबीएस१ या टेहळणीतल्या प्रथिनाची कापली जाणारी जागा बदलून, जिवाणूचं दुसरं एक प्रथिन आणि एका विषाणूचंही प्रथिन ओळखलं जाईल असं केलं गेलं. २०२३ साली पीआयके-१ मधला आमिषाचा तुकडा काढून तिथे उंटवर्गीय प्राण्यांच्या प्रतिपिंडातला छोटा तुकडा बसवला गेला आणि ते ग्राही सांगितलेल्या रेणूला ओळखू लागलं. या प्रयोगात लक्ष्य होतं चमकणारी प्रथिनं, ती वाहून नेणाऱ्या बटाट्याच्या एका विषाणूमार्फत. शेतातल्या रोगावर ते येईपर्यंत बरंच काम बाकी आहे, पण हवं ते ओळखणारं ग्राही घडवता येतं एवढं यातून पक्कं झालं.

जनुकं भरमसाट घालत राहावी असंही नाही. ग्राही बाळगण्याची किंमत असते. अराबिडोप्सिसमध्ये आरपीएम१ असलेली आणि नसलेली झाडं शेतात शेजारी वाढवली, तेव्हा रोग नसताना आरपीएम१ असलेल्या झाडांना सुमारे ९ टक्के बी कमी आलं. दोन वाणांतली ग्राही प्रथिनं एकमेकांना पाहून उगाचच जागी होतात, आणि संकरित रोप खुरटतं किंवा पिवळं पडतं, असंही घडतं. शिवाय मदतनीसांचा प्रश्न आहेच: वांगी-टोमॅटोच्या कुळातली अनेक ग्राही प्रथिनं एनआरसी या मदतनीसांशिवाय चालत नाहीत. चाचणीत जनुकाची खूण सापडली म्हणजे प्रतिकार सापडला असं नसतं. कृत्रिम लागण करून पाहिल्याशिवाय मी पैदाशीतल्या कोणत्याही ओळीला (वाण होण्याआधीच्या निवडलेल्या झाडांच्या गटाला) प्रतिकारक म्हणत नाही.

तुमच्या प्रश्नामागे बहुधा हे आहे: प्रतिकारक वाणावर रोग दिसला, तर जनुक मोडलं असं समजायचं का? लगेच नाही. आधी तापमान पाहा. तंबाखूतलं एन आणि टोमॅटोतलं एमआय-१ ही दोन्ही २८ अंश सेल्सिअसच्या वर काम सोडतात; उष्ण आठवड्यात सूत्रकृमी आत शिरले तर पुढे थंडी पडूनही गाठी राहतात. मग रोगाची ओळख पक्की करा, कारण सारख्या दिसणाऱ्या ठिपक्यांमागे वेगळा रोगकारक असू शकतो, आणि त्याला हे ग्राही कधीच ओळखत नव्हतं. बियाण्यात भेसळ असेल तर रोगट झाडं विखुरलेली आणि शेजारची पूर्ण निरोगी दिसतात. त्या रोगट झाडांत जनुकाची खूण आहे का ते तपासा. हे सगळं निस्तरल्यावरही खात्रीची, शुद्ध झाडं योग्य तापमानात रोगट होत असतील, तर नवा प्रभेद आला असण्याची शक्यता खरी मानायला हवी. तेव्हा रोगट पानं कागदी पाकिटात कोरडी ठेवून वनस्पती रोगशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवा. तिथे तो नमुना एकेक ज्ञात जनुक असलेल्या वाणांच्या संचावर लावतात, आणि कोणत्या वाणावर रोग येतो नि कोणत्यावर नाही यावरून कोणता ग्राही चकवला गेला आणि कोणता अजून शाबूत आहे, हे थेट कळतं.